विरळणीची पिशवी

"शंभर कपांत सहा," नसीम मॅडम म्हणाल्या. "अभय, झाडांना तुझा सिनॉप्सिस वाचायला द्यायचा राहिला वाटतं."

अभयने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली नाही. प्रयोगशाळेतली मदतनीस प्रेमला ओव्हाळ कोपऱ्यात ट्रे पुसत होती. ट्रे कधीचा स्वच्छ झाला होता, तरी ती पुसतच राहिली.

अभयची पीएचडी उभी होती पानावरच्या केसांवर. केस तरी केवढे, भिंगाखाली धरले तर दिसणारे काचेचे तिफाटे काटे! त्याचं म्हणणं, हे केस एका जीनच्या हुकमाने उगवतात. बीच्या वाट्याला त्या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या, की पान तुळतुळीत. या बियांत असं चारांत एक रोप निघायला हवं होतं. म्हणजे शंभरात पंचवीस. निघाली सहा.

"बी तेच आहे मॅडम. मी स्वतः काढलंय."

"मग उद्या कमिटीपुढे उत्तरही स्वतःच दे." मॅडम गेल्या.

प्रेमलाने चहा आणून ठेवला. "घ्या अभयदादा. गार होईल."

"ताई, पानावर केस कशाला असतात माहितीये? किडा अडकतो त्यांत. तुळतुळीत पानावर मजेत बसतो." तो कसंनुसं हसला. "माझ्या थिसिसवर तर आता किडाही बसणार नाही."

प्रेमला हसली नाही. तिची नजर फ्रिजकडे गेली.

प्रत्येक कपात दोन बिया पेरायच्या आणि दोन कोंब आले की एक उपटायचा, ही विरळणी तिचं काम. गेल्या आठवड्यात ट्रेवर मावा, रस शोषणारी बारीक कीड, पडला होता. त्या वयात केस नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, मावा मात्र दिसतो. तिच्या वडिलांनी, धोंडिबांनी, वांग्याच्या रोपांत तिला शिकवलं होतं की किडकं आधी काढायचं. तिने तेच केलं. वर स्वतःवर खूश झाली होती, ट्रे कसा टपोरा दिसतोय म्हणून.

उपटलेल्या रोपांची पिशवी अजून फ्रिजमध्ये होती. जीन बदललेली रोपं कचऱ्यात टाकण्याआधी ऑटोक्लेव्हच्या वाफेत शिजवावी लागतात. मशीनचं रबर आठवडाभर गेलेलं होतं, ते आजच सकाळी बसलं होतं. आणि पिशवी शिजवणं हेही तिचंच काम. कुणी काही विचारलंही नसतं.

अकरा वर्षं दर सहा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर, आणि यंदा पहिल्यांदाच कायम करायच्या यादीत नाव! यादी मॅडमच्या टेबलावर सहीसाठी पडली होती. लेकीने, अक्षताने, आपल्या खराडीच्या ऑफिसात पेढेसुद्धा वाटून टाकले होते. "आई, सही होईपर्यंत कुणाच्या अध्यात ना मध्यात पडू नकोस हं," असं तिने रोज बसस्टॉपवर बजावायचं.

प्रेमलाने पिशवी मशीनमध्ये ठेवली. झाकणाचे सहा नट. एक आवळला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्यावर हात ठेवून ती उभी राहिली. आत अभय एकटाच पुन्हा पहिल्या कपापासून मोजत होता, "एक... दोन..."

तिने चारही नट उलटे फिरवले.

ओल्या टिपकागदावर रोपं मांडून तिने अभयला हाक मारली. "दादा, ही मी उपटली. मावा होता तीच आधी."

तो बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला. केसवाली डावीकडे, तुळतुळीत उजवीकडे. दोघं चिमट्याने एकेक सरकवत होते, दुपारचा डबाही तसाच राहिला.

"त्रेचाळीस," अभय म्हणाला. "अन् ती सहा. दोनशेत एकोणपन्नास! ताई, जीन एकच आहे!" तो उठला, पुन्हा बसला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. "विरळणी कुणी केली, ते विचारतील. मी केली म्हणू?"

"तुम्ही त्या दिवशी दिल्लीला होता. रजेचा अर्ज मीच नेऊन दिला होता."

मॅडमनी सगळं उभ्यानेच ऐकलं. "ओव्हाळबाई, अकरा वर्षांत तुम्हाला कुणी सांगितलं नाही? इथे निवड करायची नसते."

"नाही मॅडम."

"हे तुमच्या नावानिशी लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

"लिहा. मी सही करते."

एप्रिलमध्ये यादी लागली. प्रेमलाच्या हातात सहा महिन्यांची ऑर्डर आली, नेहमीसारखीच. अक्षता दोन दिवस बोलली नाही.

नव्या ट्रेत पुन्हा दोन-दोन कोंब आले होते. आता नियम लिहून भिंतीवर चिकटवला होता: छापा आला तर डावं उपटायचं, काटा आला तर उजवं. प्रेमलाने रुपया उडवला. छापा.

डावं रोप चांगलं टपोरं होतं. उजव्यावर मावा बसला होता. बोट आपसूक त्याच्याकडे गेलं, तिने ते मागे घेतलं. मग चिमट्याने डावं अलगद उपटलं, पिशवीत ठेवलं, आणि पुढच्या कपासाठी रुपया उचलला.