चाळीस पावलांवरचा उंबरा

“एक पाऊल जरी खाली टाकलंस ना ताई, तर मला शिट्टी वाजवावी लागेल,” राखणदार म्हणाला.

“वाजव की! सख्ख्या बहिणीवर शिट्टी वाजवणारा भाऊ बघू दे लोकांना,” असं म्हणत ताई चपला काढून लाकडी पायवाटेच्या कडेला बसली.

खाली काळं, संथ, गुडघाभर पाणी होतं. त्यात बुंधे बुडवून वाळुंजाची झाडं उभी होती आणि त्यांच्यापलीकडे, मोजून चाळीस पावलांवर, दोघांच्या घराचा दगडी उंबरा होता. पाणी वाढत गेलं तशी वस्ती उठली, मातीच्या भिंती विरघळल्या, रान माजलं. मग सरकारने कुंपण घालून ते राखीव केलं. वडिलांनी हौसेने उंच बसवलेला उंबरा तेवढा पाण्यावर राहिला. माणसं पांगली. हा एकटा इथली नोकरी धरून बसला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, त्याने ते फारसं मनावर घेतलं नाही.

ताई परवा लेकाकडे परदेशी निघाली होती, कायमची. दुखरे गुडघे घेऊन, दोन बस बदलून ती आली होती ती एवढ्याचसाठी.

“उंबऱ्याला हात लावते आणि येते. पाच मिनिटं. तुझ्या साहेबाला कळणारसुद्धा नाही.”

“साहेबाचं नाही गं. पाणकोंबडी बसलीय तिथे, उंबऱ्यावरच. आठ अंडी आहेत. माणूस जवळ गेलं की ती उठते, आणि अंडी गार पडली की संपलं.”

“म्हणजे त्या कोंबडीला आपल्या दारात जागा आहे, आणि मला नाही?”

पंचवीस वर्षं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला नियम पढवत आला होता. ताईसमोर मात्र तो शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

“तू तरी गेलायस का कधी?” तिने विचारलं.

“नाही.”

“एकदाही? थापा नको मारूस.”

“वीण संपल्यावर जाता आलं असतं,” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “पण गेलो तर तिथून पाय निघणार नाही, म्हणून नाही गेलो. रोज सकाळी इथे उभा राहतो. किती पाखरं दिसली ते वहीत लिहितो. आई आठवते, ते कुठे लिहू?”

ताईचा राग जागच्या जागी विरला. त्याने गळ्यातली दुर्बीण काढून तिच्या हातात दिली.

“दिसतंय?”

“नुसतं हिरवं दिसतंय.”

“थोडं डावीकडे. ते वाकलेलं झाड सोड. आता खाली.”

ताईच्या हातातली दुर्बीण तिथेच थांबली. काळीभोर, लाल चोचीची पाणकोंबडी उंबऱ्याच्या एका टोकाला, लव्हाळ्याच्या घरट्यात ऐटीत बसली होती. तिच्या शेजारी दगड मधोमध खोलगट झाला होता.

“झिजलाय रे मधे,” ताई हळूच म्हणाली. “आपणच झिजवलाय.”

“हो. रोज बघतो.”

मागून एक जोडपं आलं. “काय दिसतंय हो तिकडे? जरा आम्हालाही द्या ना दुर्बीण.”

“पाणकोंबडी आहे. अंड्यांवर बसलीय,” राखणदाराने सवयीने सांगितलं. दुर्बीण मागून घ्यायला मात्र त्याचा हात पुढे झाला नाही.

ताईनेही ती डोळ्यांवरून काढली नाही.

“थांबा हो जरा,” ती म्हणाली. “आमचं अजून बघून झालं नाही.”