साहेबांचे स्पॅनिश हुकूम

साहेबांना फक्त हुकूम शिकायचे होते. नळ बनवणाऱ्या कारखान्याचे ते व्यवस्थापक. परदेशातली नवी शाखा त्यांच्या गळ्यात पडली होती आणि तिथले कामगार स्पॅनिश बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवणीच्या बाईंना बजावलं, की नमस्कार-चमत्कार, हवापाणी असली भरताड नको, आज्ञा तेवढ्या शिकवा.

बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. असले नग त्यांनी पुष्कळ पाहिले होते. आवाज चढवला की भाषा येते, अशी यांची ठाम समजूत.

तरी त्यांनी नीट समजावलं. काही क्रियापदांचा मधला स्वर आज्ञा देताना फुटतो. ‘सेर्रार’ म्हणजे बंद करणं, पण बंद कर म्हणताना ‘सिएर्रा’. ‘मोबेर’ म्हणजे हलवणं, पण हलव म्हणताना ‘मुएबे’. आपल्याकडे नाही का, ‘घे’चं ‘घ्या’ होतं? साहेब म्हणाले, घ्या-बिघ्या राहू दे, कामगारांना कोण अहो-जाहो करतंय.

आणि ‘मुएबे’च्या जागी त्यांनी ‘मुएरे’ धरलं, ते काही सुटेना. ‘मोरिर’ म्हणजे मरणं. त्याचाही ओ असाच फुटतो आणि ‘मुएरे’ होतं, म्हणजे मर. बाईंनी टोकलं, फळ्यावर लिहून दाखवलं. साहेब फोनवर बोट फिरवत ‘हो हो’ म्हणत आणि पुन्हा मरणाचाच हुकूम सोडत. शेवटी बाईंनी नाद सोडला.

तिथल्या लोकांशी पहिली भेट पडद्यावर ठरली. अडलं तर हाताशी असाव्यात म्हणून बाईंना केबिनमध्ये शेजारी बसवलं. समोर तिथल्या पिकल्या केसांच्या मुकादमबाई, मागे कामगार, आणि भर वाटेत रचलेली खोकी. खोकी दिसताच साहेबांना चेव आला. त्यांनी तिकडे बोट केलं. पलीकडून ते नेमकं मुकादमबाईंवर रोखलेलं दिसत असणार.

“मुएरे,” ते गरजले. “रापिदो.” म्हणजे लवकर.

कुणी हललं नाही. मग मुकादमबाई थंडपणे म्हणाल्या, “उस्तेद प्रिमेरो.” मागची माणसं पोट धरधरून हसली. साहेबही हसले.

पडदा बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, “काय म्हणाली ती?”

“आधी तुम्ही, म्हणाल्या. अहो-जाहो करून.”

“बघा. पहिल्याच दिवशी मान.”

बाईंनी चष्मा पुसला. “तुम्ही त्यांना मर म्हणालात, साहेब. मरा म्हणण्याइतकीही अदब ठेवली नाहीत.”

साहेबांचा चेहरा उतरला. बाईंना वाटलं, आता हा माणूस ओशाळेल, माफी कशी मागायची ते विचारेल. साहेबांनी बराच वेळ विचार केला.

“मग ‘मरा’ला काय म्हणतात?”

“मुएरा,” बाई म्हणाल्या, आणि पर्स उचलून निघाल्या. पुन्हा त्या कारखान्याची पायरी चढल्या नाहीत. काचेच्या दारामागे साहेबांचं घोकणं सुरू झालं होतं. उच्चार अगदी बिनचूक.