पाच निखारे

धाकटी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. आठवडाभर मेणाचे दात तासायचे आणि रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून थोरल्या भावाच्या टोळीत ऑनलाइन खेळायचं, असा तिचा शिरस्ता. दादा दुसऱ्या शहरात लोकांना गाडी चालवायला शिकवायचा आणि खेळातही सगळ्यांवर तसाच खेकसायचा.

खेळात ती अग्निमंत्र टाकणारी जादूगारीण होती. छोटा मंत्र लागला की तिच्या तळहातावर एक निखारा जमायचा. पाच झाले की ते एकदम उधळून वणवा पेटवता यायचा. नाहीतर एक निखारा मोडून सोबत्याभोवती ढाल उभी करता यायची. मंत्र थांबले की जमलेले निखारे विझायचे. जमवायचे, टिकवायचे आणि नेमके सोडायचे, एवढंच काम. ते तिला छान जमायचं, पण दादा जमू देईल तर ना.

त्या दिवशी समोर हाडांचा राक्षस होता. दादा तलवार घेऊन थेट त्याच्या पायात घुसला.

"ढाल दे."

"आत्ताच दिली. जरा मागे सर."

"मला शिकवू नकोस. ढाल."

तिने निखारा मोडला. पुन्हा जमवला, पुन्हा मोडला. टोळीत जखमा भरायचं काम एका औषध दुकानदाराकडे होतं; त्याला सगळे कंपाउंडर म्हणायचे.

"ताई, किती झाले?" त्याने विचारलं.

"दोन."

"तुमचे दादा मागे सरेपर्यंत दोनच राहणार."

दोनदा सगळे मेले. तिसऱ्या खेपेआधी दादाने माइकवरच तोंड सोडलं. "हिच्यामुळे हरतोय आपण. नुसती साठवत बसते. आईच्या वेळीही अशीच थांबली होती. वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर आई आज असती."

टोळीतले बाकीचे आठही जण ऐकत होते.

धाकटीचे कान तापले. त्या दिवशी डॉक्टरांनीच फोनवर सांगितलं होतं, तासभर वाट बघा म्हणून. आईचे पाय चोळत तिने तो तास काढला होता. दादा तिसऱ्या दिवशी उगवला होता. हे सगळं तिच्या ओठांवर आलं, पण ती एवढंच म्हणाली, "सुरू करा."

या वेळी दादाने ढाल मागितली, तिने दिली नाही. एक निखारा, दोन, तीन. दादा ओरडत राहिला. चार. राक्षसाने हात उचलला.

"ढाल! बहिरी झालीस का?"

पाच. एका निखाऱ्यात दादा वाचला असता. राक्षसाचा जीव मात्र पाचांशिवाय जाणार नव्हता. तिने वणवा सोडला. हाडांचा हात दादावर कोसळला, त्याच क्षणी राक्षसही पेटून खाली आला. टोळी जिंकली, मेला फक्त दादा.

"मुद्दाम केलंस," तो म्हणाला.

"हो."

"मी मेलो ते चाललं तुला?"

"चाललं. आणि आईचं नाव पुन्हा असं घेतलंस, तर खेळाबाहेरही मी तुझी कोणी नाही."

त्याने तिला टोळीतून काढून टाकलं. तिने लॅपटॉप मिटला. मुद्दाम केल्याचा आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची तिला थोडी भीतीही वाटली.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "अगं, काय झालं तुमचं? हे कोणाशी बोलत नाहीयेत."

"त्यालाच विचार ना, वहिनी. तो काय बोलला ते शब्दाला शब्द सांगायला लाव."

वहिनीने विचारलं असावं, कारण पुन्हा तिचा फोन आला नाही. कंपाउंडरने वेगळी टोळी काढली आणि धाकटीला बोलावलं. तिसऱ्या रविवारी दादाचा निरोप आला: 'परत ये. तुझ्याशिवाय राक्षस मरत नाही. ढाल मागणार नाही.'

तिने तो दोनदा वाचला. आईबद्दल त्यात अक्षर नव्हतं. तिने दादाचा नंबर ब्लॉक केला आणि कंपाउंडरला कळवलं, पाच मिनिटांत येते.