झाकणावरचे नंबर

आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: काचेच्या बशीचा नंबर तळाला लिहायचा, झाकणावर नाही. झाकणं इकडची तिकडे होतात. हे शिकवायचं काम माझं, आणि मी ते चांगलं दरडावून करते. माझी जीभ तिखट आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी चाळीस बशांचे नंबर झाकणांवर लिहिले, ते मीच. का, तर तळावरची शाई फोटोत येते. मला फोटो देखणे हवे होते. हौस, दुसरं काय!

एका पानाच्या अर्काने धान्यावरची बुरशी थांबते, हा माझा शोध. एक ते वीस नंबरच्या बशांत अर्क घातला, उरलेल्या विसांत नुसतं पाणी. अर्काच्या बशा स्वच्छ राहिल्या, पाण्याच्या बुरशीने भरल्या. त्या एका निकालावर माझी सहा वर्षं उभी आहेत.

धाकटी आली ती पुढचं काम करायला. प्रयोगशाळेत वयाने सगळ्यात लहान, म्हणून धाकटी. आधी माझाच प्रयोग करून पाहायचा, मग पुढे जायचं. चौदा महिने झाले, तिचं दर वेळी उलटंच येत होतं. अर्कातच बुरशी जोमाने वाढायची. एकदा बिचकत म्हणाली, ताई, अर्कच बुरशीला मानवत असेल का? मी भर बैठकीत तिला ऐकवलं, "नाचता येईना, अंगण वाकडं. हात चांगला नाही तुझा." सगळे हसले. तीही हसली बिचारी.

परवा सोमवारी प्रबंधासाठी जुने फोटो काढून बसले होते. एका बशीच्या कडेचा टवका उडालेला. पहिल्या दिवशीच्या फोटोत तिच्याशेजारी सात नंबरचं झाकण. शेवटच्या दिवशी तीच बशी, तोच टवका, बुरशीने भरलेली, आणि शेजारी झाकण सत्तावीस. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मधे कधीतरी फोटो काढताना अर्काची वीसच्या वीस झाकणं पाण्याच्या बशांवर आणि पाण्याची अर्काच्या बशांवर बसली होती. बसवली होती मीच. म्हणजे धाकटीचंच खरं होतं.

मॅडमकडे गेले. त्या माझ्या मार्गदर्शक. फोटो बघून त्यांनी उठून दार लावलं.

"हा अजून कुणी पाहिलाय?"

नाही म्हटलं. मग त्या शांतपणे समजावत राहिल्या. प्रबंध या आठवड्यात बांधायला जाऊ दे, एकदा पदवी हातात पडली की सावकाश दुरुस्ती करता येईल, धाकटीला दुसरा विषय देऊ. मला ते पटलं नाही, पण सोयीचं वाटलं, हे कबूल करते. आई शेजारीपाजारी सांगत सुटली होती, पुढच्या महिन्यात आमची डॉक्टर होणार. तर मी मूग गिळून बसले. रात्री झोप नाही, सकाळी जेवण जात नाही. माझ्यासारखी फटकळ बाई दोन दिवस कुणाशी बोलली नाही, तेव्हा लोकांना मी आजारी वाटले.

आज दुपारी धाकटीचं टेबल मोकळं दिसलं. तशीच उठून तिच्या खोलीवर गेले. ती पुस्तकं खोक्यात भरत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, बशी, टवका, झाकणं. तुझा हात चांगला होता, माझंच चुकलं, म्हटलं.

तिने हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं. मग विचारलं, "तुला कधी कळलं, ताई?"

"सोमवारी."

"मी काल अर्ज दिला. संशोधन सोडल्याचा."

काय कारण लिहिलंस, विचारायचा धीर होत नव्हता, तरी विचारलं.

"हात चांगला नाही, असं लिहिलंय," ती म्हणाली.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. प्रबंध बांधायला देऊ नका, म्हटलं, मी उद्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर फोटो दाखवणार आहे, आणि धाकटीचा अर्ज पुढे जाऊ देऊ नका. मॅडम खूप बोलल्या. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

वळून पाहिलं, तर धाकटी खोक्याला चिकटपट्टी लावत होती.