झाकणातलं भूत

"ऐकलंत? निघाला तो!" इंजिनबाबा ओरडले आणि पुलावरच्या गर्दीने एकदम हात जोडले. पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवताच खरोखरच 'स्सस्स' असा लांबलचक आवाज आला होता. बाबांनी दादाला खूण केली. दादाने किल्ली फिरवली आणि अर्धा तास ढिम्म उभी असलेली गाडी खोकत खोकत सुरू झाली.

मीही तिथे होतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण गाडीतला मला फक्त हॉर्न कळतो. म्हणून गप्प बसलो. त्याची अजून लाज वाटते.

दादाची ही पहिलीच गाडी, तीही दोन मालकांच्या हातून आलेली. घेतली आईसाठी. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागतं. पण गाडी वीसेक मिनिटं नीट चालायची आणि पुलाजवळ मान टाकायची. गाडी विकणाऱ्या दलालाला दादाने फोन केला, तेव्हा त्यानेच या बाबांचा नंबर दिला.

"या पुलावर मेलेल्या एकाचा आत्मा कार्ब्युरेटरमध्ये अडकलाय," असं बाबांचं निदान होतं. धूर हुंगून कुंडली सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

दोन दिवसांनी गाडी पुन्हा तिथेच थांबली. या गोंधळात आईची एक खेप आधीच चुकली होती. तिचे पाय सुजले होते, मागच्या सीटवर ती तोंडाने श्वास घेत होती. या वेळी वहिनी सोबत होती. ती नर्स आहे. आईची नाडी बघून ती मला हळूच म्हणाली, "भाऊजी, दुसरी गाडी थांबवा. लवकर." मी हात दाखवत पळत सुटलो. कुणी थांबेना.

तेवढ्यात दादाने फोन करून बोलावलेले बाबा स्कूटरवरून हजर झाले. आज त्यांनी टाकीला हातच लावला नाही. डोळे मिटून म्हणाले, "आता तो ऐकत नाही. म्हातारीला घेऊन जाईन म्हणतोय! गाडी माझ्या चरणी सोडा. आधीच्या दोघांनी सोडली, म्हणून वाचले."

आईने हात जोडले. दादाने किल्ली काढून पुढे केली.

"अहो, थांबा," वहिनी खाली उतरली. "बाबा, परवा भूत कुठून निघालं?"

"टाकीतून! सगळ्यांनी ऐकलं."

"झाकण उघडलं की बाहेर पडतं?"

"सुसाट!"

वहिनीने रुमालाचं टोक झाकणाच्या कडेला धरलं आणि झाकण जरासं सैल केलं. स्सस्स! रुमाल फटीत ओढला गेला.

"बाहेर पडणारं भूत रुमाल आत ओढतं होय?"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. वहिनीने झाकण उलटं करून दाखवलं. "पेट्रोल संपत जातं तशी टाकीत हवा शिरायला हवी. त्यासाठी इथे बारीक भोक असतं. सलाइनच्या काचेच्या बाटलीला आम्ही हवेची सुई टोचतो, नाहीतर थेंब पडत नाही. तसंच हे. आणि हे भोक बघा, पुट्टीने बुजवलंय. पुट्टी काय आपोआप उगवते?"

दादाने किल्ली मुठीत घट्ट धरली. "आधीच्या दोघांनी गाडी तुमच्या चरणी सोडली, तर ती दलालाकडे विकायला कशी आली?"

बाबा मागे सरकत स्कूटरपाशी पोचले. स्कूटर मात्र पहिल्याच किकला सुरू झाली.

"भांडण नंतर," वहिनी म्हणाली. तिने झाकण सैलसर बसवलं आणि आम्ही निघालो. पूल मागे पडला. माझं लक्ष फक्त आईच्या छातीकडे होतं. गाडी कुठेही थांबली नाही.

दवाखान्यात डायलिसिसचं मशीन सुरू झालं. "अजून तासभर उशीर झाला असता तर..." डॉक्टर मशीनचे आकडे बघत म्हणाले. श्वास संथ झाल्यावर आई पुटपुटली, "मी त्याच्यापुढे हात जोडले रे."

तिला काय बोलणार? ती घाबरलेली होती. मी धडधाकट, आणि परवा मीही गप्पच होतो. म्हणून सांगतो, समजत नसेल तर नाही समजत म्हणा, पण विचारा. चारचौघांत, मोठ्याने विचारा. आम्ही एकदा गप्प बसलो, तर आई जाता जाता राहिली.