मेलेल्या उमरावाचा झगा

उमराव हार्कोम्ब लंडनात वारले आणि त्यांच्या नाटकमंडळींच्या छातीवरचा बिल्ला नुसता पत्रा होऊन बसला. त्या काळी धनी आहे तोवर नट म्हणजे त्याचा नोकर. धनी गेला की तोच नट रस्त्यावरचा भटका. आणि भटक्याला कायदा काही सोडत नाही. पहिल्या खेपेला चाबूक आणि उजव्या कानाला तापल्या सळईनं भोक, दुसऱ्या खेपेला सरळ फास. म्हाताऱ्या क्रिस्पिन विदूषकाच्या कानाला ते भोक आधीच होतं.

म्हणून सगळे पायपीट करत उमरावांच्या गावी, त्यांच्या विधवेच्या दारात गेले. आम्हाला पदरी घ्या, म्हणून हात जोडले. बाई म्हणाल्या, आधी खेळ दाखवा.

तिथंच पंचाईत झाली. राजाचं सोंग मंडळींतल्या तरण्या बार्नबीचं. पेटाऱ्यातले बाकीचे कपडे वाटेत पोटापायी विकलेले. राजाला शोभेलसा एकच उरला होता, लाल मखमलीचा झगा. तो खुद्द उमरावांचा! मरताना त्यांनी खासगीतल्या नोकराला दिला. नोकरानं मखमल घालून मिरवायची कुठं? त्यानं तो नटांना विकला.

"हा घालून बाईंपुढं जाऊ?" बार्नबीनं झगा लांब धरला. "जोड्यानं मारतील मला."

"मग काय, राजा सदऱ्यावर मरणार?" क्रिस्पिन म्हणाला. "घाल मुकाट्यानं. जोडे तू खा, लेका, पण माझा गळा वाचव." तो हसला खरा, पण हात कानाकडे गेला होता.

बार्नबी दिवाणखान्यात आला तशा बाई ताडकन उठल्या. दारात गावचा शिपाई उभा होता; त्याचं लक्ष खेळात कमी आणि नटांच्या कानांवर जास्त. बार्नबी रेटून बोलत राहिला. शेवटी राजा मरतो, तसा तो कोसळला.

"उठा!" बाई किंचाळल्या. "मरू नका!"

बार्नबी उठला. दुसरं काय करणार? बाई जवळ आल्या, बाही हातात घेतली.

"इथं मेण सांडलं होतं. मीच खरवडून काढलं होतं," त्या म्हणाल्या. मग आवाज कोरडा झाला. "मंडळी मला नकोत. पण हा झगा या घरातच राहील, आणि तो घालणारा माणूसही. रोज जेवताना माझ्यासमोर बसायचं. बिल्ला एकच देईन."

बार्नबीला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगा! ऊब, पाव, बीअर, आणि चाबकाची भीती नाही. मग त्याला क्रिस्पिन दिसला. म्हातारा टोपी कानावर ओढत होता.

बार्नबीनं झगा उतरवला आणि क्रिस्पिनच्या खांद्यावर टाकला. निम्मा जमिनीवर लोळला.

"याला ठेवा, बाईसाहेब."

"हा तर बुटका आहे!"

"खुर्चीत बसल्यावर उंची कोण बघतंय?"

बाईंनी स्वतःच खुर्ची पुढं ओढली. "बसा."

क्रिस्पिन बसला. पाय जमिनीला टेकेनात. जन्मभर लोकांना हसवलेला माणूस, पण आज कुणी हसलं नाही.

"आणि तुझं रे काय, पोरा?" त्यानं विचारलं.

बार्नबी मागं न बघता सदऱ्यावर दाराकडे निघाला. शिपायानं काठी आडवी धरली.

"धनी कोण तुझा?"

"कुणी नाही," बार्नबी म्हणाला, आणि अजून भोक नसलेल्या उजव्या कानावरचे केस स्वतःच मागं सारले.