दहा अन् साठची सरासरी

मित्रांनो, घनसावंगीच्या पलीकडे एका अंगणात लिंबाखाली विटांवर टेकवलेली जुनी जीप दिसते ना, ती मी. चाके गेली. टपावर कोंबड्या बसतात. पण १९८४ साली कडूबाने मला गावात आणले, तेव्हा त्याच्या उषाबाईने मला कुंकू लावले होते, आणि त्यांची लहानगी सत्यशीला माझा हॉर्न वाजवून दमली होती.

मग मी माणसे वाहिली. बाजाराला, लग्नाला, परीक्षेला. "कडूबाची जीप येळ चुकत न्हाई," असे लोक म्हणत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

१९८८च्या दिवाळीनंतर, भर दुपारी कापूस वेचताना उषाबाईला साप चावला. तिला माझ्या मागच्या सीटवर निजवले. मोठ्या दवाखान्याला दोन वाटा होत्या. आमची नेहमीची कालव्याची, पंचवीस किलोमीटर. तिथे मी एकसारखी ताशी तीसने धावत असे. दुसरी वीसच किलोमीटर, पण निम्मी कच्ची, पावसाने उखडलेली.

"कालव्यानं चल," शेजारचा बद्रीनाथ म्हणाला.

"कच्च्यात दहा, डांबरीवर साठ. सरासरी पस्तीस पडती," कडूबाने घाईघाईत हिशेब केला. "जवळची वाटच जल्दी नेईल."

कच्चा रस्ता संपता संपेना. "आवो, आलं का?" उषाबाई सारखी विचारत होती. डांबर लागले तेव्हा तिचे विचारणे थांबले होते.

"पंधरा मिनिटं आधी आली असती तर..." डॉक्टर हळूच म्हणाले.

"जवळच्या वाटेनं आणलं, साहेब," कडूबा सांगत राहिला. पुढची दहा वर्षे तो त्या एका वाक्याच्या आधाराने जगला.

सत्यशीला जालन्याला कॉलेजात गेली. सुट्टीत माझ्या पुढच्या सीटवर वही घेऊन बसे. एकदा कडूबाने बोनेट पुसता पुसता विचारले, "काय करून राह्यलीस?"

"हरात्मक मध्य, आबा. अंतरं सारखी असली तरी दोन वेगांची सरासरी साध्या बेरजेनं निघत न्हाई. गाडी हळू चालती तिथंच येळ जास्त जातो. मंग वेगांच्या गुणाकाराची दुप्पट करायची, अन् बेरजेनं भागायचं."

"दहा अन् साठ घे. वाट वीस किलोमीटरची."

तिने हौसेने मांडले. "गुणाकार सहाशे, दुप्पट बाराशे. भागिले सत्तर. सतराच येती, आबा!"

"पस्तीस न्हाई?"

"न्हाई. वीस किलोमीटरला सत्तर मिनिटं लागतील."

"अन् कालव्यानं?"

तिची पेन्सिल थांबली. "ते अजून शिकवलं न्हाई आम्हाला," म्हणत ती वही मिटून घरात पळाली.

पण तेवढे गणित कडूबाला येत होते. "पन्नास मिनिटं," तो मला म्हणाला. त्या दिवशी त्याने माझी किल्ली काढली, ती कायमची.

"आबा, तुम्हाला कुठं ठाऊक होतं?" सत्यशीला पुढे कितीदा तरी म्हणाली.

"बद्रीनाथला ठाऊक होतं, बाई," एवढेच तो बोलायचा.

आता ती आष्टीला शिक्षिका आहे. कडूबा रोज दुपारी येऊन माझ्या स्टेअरिंगमागे बसतो, पण स्टेअरिंगला हात लावत नाही. मित्रांनो, मला त्याला काही सांगता येत नाही. तुम्हाला येते. चुकलेले गणित जरूर दाखवा, पण उत्तर सांगून पळू नका. कधी इकडे आलात तर माझे डावीकडचे दार उघडेच असते. बसा त्याच्याजवळ. उषाबाईबद्दल विचारा. तिचे नाव घेऊन फार वर्षे झाली आहेत त्याला.